बुरशी रक्तात, तपासणी डोळ्याची

आयसीयूतल्या पेशंटचा ताप हटत नाही, अँटिबायोटिक्स बदलून होतात आणि मग लॅबमधून फोन येतो, ‘ब्लड कल्चरमध्ये यीस्ट वाढतंय.’ त्या राउंडला औषध बदलतं, गळ्यातली सेंट्रल लाइन काढायचं ठरतं आणि फाइलमध्ये आणखी एक ओळ पडते, ‘आय रेफरन्स’. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना नेमकी हीच ओळ कोड्यात टाकते. माणूस व्हेंटिलेटरवर, आणि यांना डोळ्यांचं काय सुचतंय?

यीस्ट म्हणजे बहुतेक वेळा कॅन्डिडा. ही बुरशी एरवीही आपल्या आतड्यात, तोंडात मुकाट नांदत असते. जोरकस अँटिबायोटिक्सनी तिच्या शेजारचे जिवाणू मेले, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, शिरेतून पोषण द्यावं लागलं, की तिला रक्तात शिरायची वाट मिळते. सेंट्रल लाइनच्या आतल्या भिंतीवर तर ती थर धरून बसते. भारतातल्या आयसीयूंमध्ये कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस ही जात सर्वाधिक आढळते.

रक्ताबरोबर ती सगळीकडे फिरते, पण डोळ्याच्या पडद्यामागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा दाट थर आहे. तिथे रक्ताचा ओघ प्रचंड, त्यामुळे तिथे अडकून पडणं सोपं. आधी पडद्यावर पिवळट-पांढरे, कापसासारखे ठिपके दिसतात. या टप्प्यावर रोग हाती लागला तर बहुधा औषधांनीच भागतं. पडदा भेदून बुरशी पुढच्या पारदर्शक जेलीत, म्हणजे व्हिट्रियसमध्ये उतरली, की मात्र पंचाईत. तिथे रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणून रक्तातून दिलेलं औषधही जेमतेमच पोचतं.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने ‘काळ्या बुरशी’चा धसका घेतला होता. तो म्युकर नाकातून, सायनसमधून डोळ्याच्या खोबणीत घुसतो. डोळा सुजतो, बाहेर येतो, कुणालाही दिसतो. कॅन्डिडाने पोखरलेला डोळा बाहेरून बऱ्याचदा ठणठणीत वाटतो.

म्हणून पडदा पाहावा लागतो. सिस्टर दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, ते पुन्हा एकदा घालावे लागतात आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागतं. थेंब कधी घातले ते फाइलमध्ये ठळक लिहायचं, कारण मेंदूची अवस्था जोखायला आयसीयूचे डॉक्टर बाहुल्याच बघतात; नोंद राहिली तर रात्रपाळीची गाळण उडते. मग नेत्रतज्ज्ञ डोक्यावर दिवा बांधून, हातात बहिर्गोल भिंग धरून, व्हेंटिलेटरच्या नळ्या चुकवत पलंगाच्या उशाशी वाकतात. पेशंट ‘वर बघा, डावीकडे बघा’ ऐकणार नसतो. पापण्या दुसऱ्याने धरायच्या आणि जमेल तेवढा पडदा कोपऱ्याकोपऱ्याने पाहायचा.

हे सगळ्यांचं करावं का, यावर डॉक्टरांतच जुंपली आहे. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं, की रक्तात कॅन्डिडा सापडलेल्या प्रत्येकाचे डोळे पहिल्या आठवड्यात तपासा. पांढऱ्या पेशी फार घसरल्या असतील तर त्या सावरल्यावर तपासा. पुढे तिथल्याच नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने सरसकट तपासणीला नकार दिला. त्यांचं म्हणणं, व्हिट्रियसपर्यंत पोचलेला संसर्ग शंभरात जेमतेम एकाला निघतो, आणि पडद्यावरचे बरेच ठिपके मधुमेहाचे, रक्तदाबाचे किंवा सेप्सिसचे असतात. त्यांना बुरशी समजून डोळ्यात सुई टोचली, तर फुकटचा घोळ.

हिशेब म्हणून हे पटतं. पण डोळ्यांची तक्रार असेल तरच तपासा, या सल्ल्यात एक गृहीत आहे: पेशंट तक्रार करू शकतो. शुद्धीवर असलेल्या माणसाला ‘धूसर दिसतं का, काळे ठिपके तरंगतात का’ असं रोज विचारता येतं. गुंगीत ठेवलेल्या माणसाचं किंवा काचेच्या पेटीतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं काय? माझ्या मते ज्यांना सांगता येत नाही, त्यांचा पडदा पाहायलाच हवा. नेत्रतज्ज्ञ मोजकेच असतील, तर रांगेत आधी नंबर यांचा.

तपासणीवर औषधही ठरतं. कॅन्डिडासाठी सुरुवातीला बहुधा कॅस्पोफंजिन किंवा मायकाफंजिन देतात. रक्त त्याने स्वच्छ होतं, पण डोळ्याच्या आत ते फारसं शिरत नाही. डोळ्यात रोग निघाला आणि ती बुरशी दाद देणारी असली, तर फ्लुकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल निवडतात. कोर्सही लांबतो: एरवी रक्त स्वच्छ झाल्यापासून दोन आठवडे, इथे किमान चार ते सहा. व्हिट्रियस गढूळला असेल तर डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं, कधी व्हिट्रेक्टॉमीने तो गढूळ भागच काढावा लागतो.

आयसीयूबाहेरची एक वाटही सांगायला हवी. अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायची आपल्याकडे गावोगाव हौस आहे. दूषित सलाईनमधून बुरशी थेट डोळ्यात पोचल्याची, एरवी धडधाकट माणसांची उदाहरणं भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवली आहेत.

डिस्चार्जनंतर दिसायला कमी झालं, तर घरात ‘अशक्तपणा असेल’ किंवा ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ म्हणून दिवस ढकलले जातात. अशा वेळी एक-दोन दिवसांतच नेत्रतज्ज्ञाकडे जावं, आणि जाताना डिस्चार्ज कार्डाबरोबर ब्लड कल्चरचा रिपोर्टही न्यावा. मोतीबिंदू तपासायला बसलेला डॉक्टर तो कागद पाहिल्यावर पडदा वेगळ्या नजरेने बघतो.