गोळीचे वजन आणि नळीचा पीळ

रायफलच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात, म्हणून ती न डगमगता सरळ जाते. किती इंचांत एक फेरा पूर्ण होतो, त्यावर नळीचा पीळ मोजतात. त्याच जाडीची जड गोळी लांब असते आणि लांब गोळीला स्थिर राहायला जास्त फिरकी लागते.

अमेरिकी एम-१६ रायफलीत आधी १४ इंचांत एक फेरा होता. कडाक्याच्या थंडीत दाट हवेत ५५ ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) वजनाची गोळी डळमळू लागली, म्हणून तो १२ इंचांवर आणला. पुढे ६२ ग्रेनच्या गोळीसोबत अधिक लांब ट्रेसर (जळत जाऊन आपला मार्ग दाखवणारी गोळी) आली, तेव्हा ७ इंचांवर.

कागदी लक्ष्यावर गोल छिद्राऐवजी लांबट फट दिसली, तर गोळी डळमळून आडवी आदळते आहे. नेमबाजांनी गोळ्या निवडण्याआधी नळीचा पीळ जरूर तपासावा.