पत्र्याची आहे म्हणून टिकेल?

इलेक्ट्रिक चेतकचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "घ्यायची तर हीच घ्या, जुन्या चेतकसारखी पत्र्याची आहे, वीस वर्षं बघायला नको." शोरूममधले विक्रेते हे सांगतात, सोसायटीतले काका सांगतात, आणि एरवी गाड्यांबद्दल नेमकं बोलणारी माणसंही हेच सांगतात. या वाक्यात खरी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे बॉडी पत्र्याची आहे. बाकी सगळा विश्वास जुन्या गाडीच्या पुण्याईवर उभा आहे, आणि ती पुण्याई नव्या गाडीला लागू होत नाही. गाडी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. पण लाख-सव्वा लाखाची वस्तू घेताना माणसं ज्या कारणासाठी निर्धास्त होतात ते कारणच चुकीचं असेल, तर ते कोणीतरी स्पष्ट बोलायला हवं.

जुनी चेतक म्हणजे नेमकं काय होतं ते आधी पाहू. पियाज्यो कंपनीबरोबरचा व्हेस्पाचा परवाना १९७१मध्ये संपला आणि १९७२मध्ये व्हेस्पा स्प्रिंटच्या धर्तीवरची ही स्कूटर बजाजच्या नावाने आली. तिच्यात वेगळी चौकट नव्हती. दाबून घडवलेला पत्रा हाच तिचा सांगाडा होता, त्यामुळे त्या गाडीत पत्र्याच्या दणकटपणाला खरोखर अर्थ होता. उजव्या बाजूच्या फुगीर पॅनेलखाली टू-स्ट्रोक इंजिन, सीटखाली पेट्रोलची टाकी, डाव्या मुठीत फिरवायचे चार गिअर, मागे स्टेपनी. बिघडायचं तेही मोजकंच: प्लगमध्ये कचरा, क्लचची केबल तुटणं, कार्ब्युरेटर भरणं, सायलेन्सरमध्ये कार्बन साचणं. प्लग पाना डिकीत असायचा. प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, परत लावून किक मारायची. यातलं जवळपास प्रत्येक काम गल्लीतला मेकॅनिक तासाभरात करून द्यायचा आणि त्याचा सुटा भाग तालुक्याच्या गावीही मिळायचा.

ती स्कूटर वीस-पंचवीस वर्षं टिकली यामागे एवढंच कारण नव्हतं. दुसरं कारण सोयीस्करपणे विसरलं जातं: ती टिकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. परवाना राजमध्ये किती गाड्या बनवायच्या यावर सरकारचं बंधन होतं. नोंदणी केल्यावर नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची, एके काळी तर दहा-दहा वर्षं. हातात आलेली गाडी चढ्या दराने लगेच विकता यायची. अशा बाजारात गाडी मोडीत काढणं कोणाला परवडणार होतं? इंजिन दोन-तीनदा खोलून, बोअर करून, गंजलेली फळी कापून नवी वेल्डिंग करून माणसं ती चालवत राहिली. आज आपल्याला ज्या चेतक दिसतात त्या अशा जपलेल्या गाड्या आहेत. भंगारात गेलेल्या लाखो चेतक कोणाला दिसत नाहीत, म्हणून त्या मोजल्याही जात नाहीत. त्या गाडीच्या आयुष्यात कारखान्याइतकाच वाटा मालकाचा आणि मेकॅनिकचा होता. मोटरसायकलींनी बाजार ताब्यात घेतल्यावर ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि २००९च्या अखेरीस बजाजने स्कूटरच्या धंद्यातूनच बाहेर पडण्याचं जाहीर केलं, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

आता नवी गाडी. ती ऑक्टोबर २०१९मध्ये दाखवली गेली आणि जानेवारी २०२०मध्ये पुणे व बंगळुरूत विक्रीला आली. गोल दिवा आहे, फुगीर कडा आहेत, पत्रा आहे. आत मात्र जुन्या गाडीतला एकही भाग नाही. डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या ३५ मालिकेत तर साडेतीन किलोवॅट-तासांची बॅटरी पाय ठेवायच्या फळीखाली आहे आणि सीटखाली ३५ लिटरची डिकी आहे. या गाडीचं आयुष्य चार गोष्टी ठरवतात: बॅटरीतले सेल, त्यांच्यावर लक्ष ठेवणारी बीएमएस ही यंत्रणा, मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरी व कनेक्टर. यातल्या एकाचाही पत्र्याशी संबंध नाही. लिथियम सेल वापराने झिजतात, नुसते ठेवूनही झिजतात, आणि उष्णतेत दोन्ही प्रकारची झीज वाढते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी आणि पुण्यात सावलीत लागणाऱ्या गाडीची बॅटरी पाच वर्षांनी सारखी राहणार नाही, बॉडी पत्र्याची असो की फायबरची. २०२०मध्ये ही गाडी आली तेव्हा कंपनीने बॅटरीला वॉरंटी दिली ती तीन वर्षं किंवा ५० हजार किलोमीटरची. वॉरंटी संपली की बॅटरी संपते असा याचा अर्थ नाही. बॅटरी बहुधा त्यापुढेही चालते, फक्त तिची क्षमता हळूहळू उतरत जाते. पण कंपनी स्वतः किती वर्षांची हमी घेते आणि लोक एकमेकांना किती वर्षं सांगतात, यातलं अंतर तरी लक्षात घ्यावं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पत्र्याला पोचा आला तर डेंटिंगवाला ठोकून सरळ करतो, रंग मारला की झालं. प्लास्टिकचं पॅनेल तडकलं तर बदलावंच लागतं. हे मान्य. बॉडीपुरता पत्र्याचा फायदा खरा आहे, आणि ज्याची गाडी रोज गर्दीच्या पार्किंगमध्ये घासली जाते त्याला तो जाणवेलही. पण हा मुद्दा बॉडीपाशीच संपतो. कंट्रोलर बिघडला तर ठोकून सरळ होत नाही. बीएमएसने दोष दाखवला तर तो वाचायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच असतं. जुन्या चेतकच्या टिकाऊपणाचा कणा म्हणजे कोपऱ्यावरचं गॅरेज, आणि नेमका तोच दुवा इथे तुटला आहे. गाडीचे महत्त्वाचे भागही आता जगभरच्या साखळीवर अवलंबून आहेत. एप्रिल २०२५मध्ये चीनने मोटरमधल्या चुंबकांना लागणाऱ्या दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले, आणि जुलैपर्यंत ऑगस्टमधलं चेतकचं उत्पादन पूर्ण थांबण्याची भीती कंपनीला जाहीरपणे व्यक्त करावी लागली. १९८५ साली क्लचची केबल मिळाली नाही म्हणून आकुर्डीचा कारखाना थांबला नसता.

हा गैरसमज काही पुण्यापुरता नाही. योगायोग असा की जुनी चेतक आली त्याच वर्षी, १९७२मध्ये, फ्रान्समध्ये रेनॉ ५ आणि जपानमध्ये होंडाची पहिली सिव्हिक बाजारात आली, आणि पन्नास वर्षांनी या दोघींचीही रूपं इलेक्ट्रिक गाड्यांवर परत आली. पहिल्या सिव्हिकची आठवण देणाऱ्या होंडा ई या गाडीवर समीक्षक अक्षरशः लट्टू झाले होते. पण तिच्यात ३५.५ किलोवॅट-तासांची बॅटरी होती, एका चार्जमध्ये युरोपीय चाचणीनुसार सुमारे २२० किलोमीटर, आणि किंमत मात्र याहून मोठ्या बॅटरीच्या गाड्यांच्या बरोबरीची. लोकांनी कौतुक केलं आणि विकत दुसरीच गाडी घेतली. २०२४च्या सुरुवातीला होंडाने ती बंद केली. त्याउलट नवी रेनॉ ५ ही २०२५ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरली. तिच्या बॉनेटवर जुन्या गाडीत जिथे हवेची जाळी होती, तिथे आता चार्जिंग किती झालं ते दाखवणारा ५चा दिवा आहे. ही जुन्याची गोड आठवण आहेच, पण गाडी चालली ती वेगळ्या कारणांनी: ४० आणि ५२ किलोवॅट-तासांच्या दोन बॅटऱ्या, मोठ्या बॅटरीवर चाचणीत ४१० किलोमीटरपर्यंतचा पल्ला, क्लिओ या चालत्या गाडीशी अनेक भाग समान ठेवून आटोक्यात आणलेला खर्च, आणि साधारण २५ हजार युरोंपासून सुरू होणारी किंमत. दोन्ही गाड्यांचं रूप लोकांना सारखंच आवडलं होतं. फरक आतल्या यंत्रात आणि हिशेबात होता. फियाट ५००चं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. १९५७च्या लाडक्या गाडीचं हे इलेक्ट्रिक रूप २०२०मध्ये आलं, मागणीअभावी २०२४मध्ये तिचा ट्युरिनमधला कारखाना पुन्हापुन्हा बंद ठेवावा लागला, आणि शेवटी त्याच बॉडीत पेट्रोलचं इंजिन बसवण्याची वेळ आली.

रूपाचा गाडीच्या कामाशी काहीच संबंध नाही, असं मात्र नाही. एक संबंध आहे आणि तो भौतिकशास्त्राचा आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, म्हणून उभट, चौकोनी आकाराची किंमत हायवेवर मोजावी लागते. याचा पुरावा ह्युंदाईच्याच दोन गाड्यांत मिळतो. आयोनिक ५ ही १९७५च्या पोनी गाडीच्या रेषा घेऊन बनवली आहे, आयोनिक ६ निमुळती आहे. दोन्हींचा पाया एक, २०२३च्या मॉडेलांत दोन्हींत ७७.४ किलोवॅट-तासांची बॅटरी, मागच्या चाकांची मोटरही तेवढ्याच ताकदीची. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत पहिलीला ३०३ मैल मिळाले, दुसरीला ३६१. म्हणजे सुमारे ४८८ आणि ५८१ किलोमीटर. टायर आणि वजनाचा थोडा वाटा धरला तरी या ९३ किलोमीटरांतला बहुतेक फरक आकाराचा आहे. फोक्सवॅगनची आयडी बझ जुन्या मायक्रोबसच्या थाटाची आहे, तिला ९१ किलोवॅट-तासांच्या बॅटरीवरही त्याच चाचणीत २३४ मैलच मिळतात. शहरात तीस-चाळीसच्या वेगाने चालणाऱ्या स्कूटरला याची झळ फारशी लागत नाही, म्हणून गोलमटोल रेट्रो रूप स्कूटरला कारपेक्षा स्वस्तात पडतं. पण जाहिरातीतला पल्ला प्रयोगशाळेत, ठरावीक संथ वेगांच्या चक्रावर मोजलेला असतो. मागे माणूस बसवून नाशिक रस्त्याला साठच्या वेगाने निघालात, तर तो आकडा मिळणार नाही, मग गाडी रेट्रो असो वा नसो.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीचे आहेत. रेट्रो म्हणजे आत जुनं तंत्रज्ञान, असं मुळीच नाही. आतल्या मोटरी आणि बॅटऱ्या आजच्याच असतात. इलेक्ट्रिक गाड्या पावसात चालत नाहीत, हेही खोटं. आयपी ६७ दर्जाच्या बॅटरीची चाचणी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून होते, मात्र म्हणून कमरेएवढ्या पाण्यात गाडी घालायची नसते. जुनी चेतक साधी होती म्हणून स्वच्छ होती असं काही जण मानतात, तेही खरं नाही. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलचा काही भाग न जळताच धुराड्यातून बाहेर टाकतं आणि सोबत तेलही जाळतं. दारातल्या जुन्या चेतकला इलेक्ट्रिक किट बसवलं की जुनं रूप आणि नवं यंत्र दोन्ही साधतात, हा सल्ला तर धोक्याचा आहे: किटला मान्यता आणि आरटीओची नोंद लागते, आणि त्या गाडीचे ड्रम ब्रेक, तिचा सांगाडा हे काही बॅटरीचं वजन धरून बनवलेले नव्हते. आणि रेट्रो गाड्यांना आग लागत नाही, हे कुठून आलं कोण जाणे. २०२२च्या उन्हाळ्यात देशभर ई-स्कूटर पेटल्या, त्यानंतर केंद्राने एआयएस १५६ या मानकाखाली बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. त्या चाचण्या सेल, बीएमएस आणि पॅक तपासतात. गाडीचा चेहरा तपासत नाहीत.

मग रूपाला काहीच किंमत नाही का? आहे. जी गाडी डोळ्यांत भरते ती माणूस पुसतो, सावलीत लावतो, लवकर विकत नाही. इलेक्ट्रिकचं नाव काढताच बिचकणाऱ्या एका पिढीला ओळखीच्या चेहऱ्यामुळे धीर आला असेल, तर तेही चांगलंच झालं. आवडली म्हणून घ्या, त्यात गैर काहीच नाही. तेवढ्यासाठी तिच्यावर वीस वर्षांच्या टिकाऊपणाची जबाबदारी टाकू नका, कारण तिला अजून वीस वर्षं झालेलीच नाहीत. सर्वांत जुनी इलेक्ट्रिक चेतकही २०२०ची आहे.

शोरूममध्ये गेलात तर पत्र्यावर टिचकी मारून बघण्याऐवजी तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या: वॉरंटीत बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर ती बदलून मिळते, वॉरंटीनंतर नवी बॅटरी आणि कंट्रोलर आज कितीला पडतात, आणि तुमच्या गावापासून सगळ्यात जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनंही आहेत; तेव्हा हे प्रश्न विचारायला संकोच वाटायचं कारण नाही. उत्तर तोंडी मिळालं आणि कागदावर द्यायला विक्रेता कचरला, तर दुसऱ्या शोरूममध्ये जा.