निवाड्याआधी साक्ष

चित्रप्रदर्शनात जाणारा रसिक सवड काढून चित्रापुढे उभा राहतो. जाहिरातीपुढे मात्र कोणीही मुद्दाम उभे राहत नाही. वर्तमानपत्राचे पान उलटताना किंवा बसच्या रांगेत ताटकळताना तिच्यावर ओझरती नजर जाते, आणि तेवढ्या अवधीत जे उमगेल तेवढेच वाचकापर्यंत पोचते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्यातून उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली. परंतु ही ओझरती नजर वर्गाच्या चार भिंतींत आणायची कोठून, हा प्रश्न या शिक्षणात आजही तितकाच अवघड आहे. शिक्षकाची दृष्टी मुरलेली असते आणि रचनाकाराला तर आपला हेतू आधीच ठाऊक असतो; म्हणून ज्याने जाहिरातीचा मसुदा पूर्वी पाहिलेला नाही, असा शेजारच्या बाकावरील सहाध्यायी हाच त्या मसुद्याचा पहिला खरा वाचक होय.

अशा सहाध्यायाचा अभिप्राय घेताना चूक होते ती ही, की त्याला एकदम न्यायाधीशाच्या आसनावर बसवले जाते. मग भिडस्त मुलगा ‘छान आहे’ म्हणून सुटतो, आणि धीट मुलगा रंग बदल, अक्षरे मोठी कर, असे हुकूम सोडतो. त्याच्याकडून आधी निवाडा नव्हे, साक्ष घ्यावी: नजर प्रथम कोठे पडली, तेथून कोठे वळली आणि कागद झाकल्यावर काय स्मरणात राहिले. समजा, एका विद्यार्थिनीने रक्तदान शिबिराच्या जाहिरातीचा रफ, म्हणजे कच्चा आराखडा, क्षणभर दाखवून झाकला आणि पेन्सिलीने काढलेला तो भला मोठा थेंब एकाला पाण्याचा वाटला, दुसऱ्याला खाद्यतेलाचा, आणि शिबिराची तारीख तर कोणालाच आठवली नाही, तर त्या विद्यार्थिनीला आपले काम कोठे अडले आहे ते ‘कल्पना जुनी आहे’ या शेऱ्यापेक्षा शतपटीने स्पष्ट कळते.

ही साक्ष चालू असताना रचनाकाराने मौन पाळावे, असा माझा आग्रह आहे. ‘मला येथे असे म्हणायचे होते’ हा खुलासा कितीही प्रामाणिक असला, तरी छापलेल्या जाहिरातीसोबत तो खुलासा वाचकाच्या घरी जाणार नसतो; आणि एकदा तो ऐकला, की साक्षीदारही त्या कागदावर नसलेले पाहू लागतो.

हे सारे कच्च्या आराखड्यावरच व्हावे, कारण रंगकाम पूर्ण झालेल्या लेआउटवर मित्र बोलायला कचरतो आणि कर्ता ऐकायला. देवनागरीच्या बाबतीत मात्र एक पथ्य अवश्य पाळावे. रफमध्ये मजकुराच्या जागी आडव्या रेघा ओढण्याची रीत सोयीची असली, तरी शीर्षक खऱ्या अक्षरांतच लिहिलेले असावे. कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा-वेलांट्या एकमेकांत घुसतात हे रेघांवरून मुळीच दिसत नाही, आणि शीर्षक अडखळत वाचणारा सहाध्यायी ते तत्काळ उघडकीला आणतो.

तथापि सर्वांचे ऐकून जाहिरात घडत नाही, हेही तितकेच खरे. १९५९ साली अमेरिकेतील डॉयल डेन बर्नबाख या संस्थेत हेल्मुट क्रोन आणि ज्युलियन कोनिग यांनी फोक्सवॅगनची जी प्रसिद्ध जाहिरात केली, तीत जवळजवळ रिकाम्या जागेत एका बाजूला इवलीशी मोटार होती. वर्गातील बहुमताने ती मोटार मोठी करवून घेतली असती आणि लहान असण्याचे कौतुक करणारी सारी कल्पनाच मारली असती. पण त्याच वर्गाला केवळ ‘काय दिसले?’ एवढेच विचारले असते, तर ‘लहान मोटार’ हेच उत्तर आले असते, आणि रचनाकाराला हवे होते तेही नेमके तेच. म्हणून साक्षी सर्वांच्या नोंदवून घ्याव्यात. कोणता बदल करायचा आणि कोणता नाही, हा अखत्यार मात्र ज्याचा आराखडा त्याच्याकडेच ठेवावा.