कामाने मन आजारी पडले तर जबाबदार कोण?

यंत्रात हात सापडला तर कामगाराला नुकसानभरपाई मिळते, हे आता गावोगाव ठाऊक आहे. पण कामाच्या ताणाने मनच आजारी पडले तर?

मागे चाळिशीचे एक कारकून दवाखान्यात आले. तक्रार पित्ताची. विचारपूस केली तेव्हा कळले, तीन महिने धड झोप नाही, छातीत धडधड होते, घरात मुलांवर ओरडणे वाढलेले. एक जागा रिकामी असल्याने दोन टेबलांचे काम एकट्यावर. "साहेबांना सांगितलंत का?" असे विचारले, तर म्हणाले, "कसं सांगणार डॉक्टर? लोक वेडा म्हणतील."

नेमके इथेच घोडे अडते. आरोग्याच्या दृष्टीने आणि कायद्याच्या दृष्टीनेही.

इंग्लंडमधील नॉर्दम्बरलँड कौंटी कौन्सिलचा खटला या बाबतीत प्रसिद्ध आहे. तेथील एक समाजसेवा अधिकारी कामाच्या बोजाने १९८६ साली खचले. बरे होऊन परतले तेव्हा मदतनीस देण्याचे कबूल झाले होते, पण ती मदत लवकरच काढून घेण्यात आली. १९८७ मध्ये ते पुन्हा कोलमडले. न्यायालयाने १९९४ साली निकाल दिला की, पहिला आजार मालकाला आधी ओळखता आला नसता, दुसरा मात्र ओळखता यायला हवा होता. म्हणून दुसऱ्या आजाराची जबाबदारी मालकावर आली. पुढे २००२ साली तिथल्या अपील न्यायालयानेही हेच सूत्र धरले. नोकराने काही सांगितले नाही आणि लक्षणेही दिसली नाहीत, तर तो नेहमीचा ताण सोसू शकतो असे मालक धरून चालू शकतो.

आपल्याकडे वाट अधिक अवघड आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण मूळ अट तीच राहिली: इजा नोकरीमुळे आणि नोकरी चालू असताना झालेली हवी. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, मनोविकार नाही.

मुंबईतील एक जुना खटला सांगतो. १९६१ च्या डिसेंबरात 'द्वारका' जहाजावरील एका खलाशाने छातीत दुखते, झोप येत नाही अशी तक्रार केली. जहाजावरील डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तो जहाजावर नव्हता. भरपाई आयुक्तांनी अर्ज फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने भरपाई दिली, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मृत्यू नोकरीमुळे झाला याचा पुरावा नव्हता. जहाजाच्या वहीत नोंद होती ती छातीदुखीची आणि निद्रानाशाची. त्याचा कामाशी संबंध जोडणारे काही नव्हते.

आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांचे तर विचारूच नका. उचल मुकादमाकडून घेतलेली, कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नाही. मालक कोण, हे सिद्ध करण्यातच दम निघतो. ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावर टाकणारे कलम कायद्यात आहे, पण तिथवर पोचणारे थोडे.

म्हणून आमचे सांगणे असे. झोप उडणे, भूक मंदावणे, कामावर जायच्या विचारानेच घाम फुटणे, हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर पित्ताच्या गोळ्यांवर भागवू नका. डॉक्टरांना कामाची वेळ आणि बोजा सांगा, ते केसपेपरवर लिहून घ्या, कागद जपून ठेवा. वरिष्ठांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आजाराचे नाव लिहायची लाज वाटत असेल, तर "प्रकृती अस्वास्थ्यामुळे कामाचा बोजा कमी करावा" एवढे लिहिले तरी काहीच न लिहिण्यापेक्षा बरे.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. तिथवर जाणे जमत नसेल, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येत असेल, तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. रात्री-अपरात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.