मोटारीच्या पोटांतली काजळी



१८८६ सालीं ‘रे मार्केट’ या नांवानें उभी राहिलेली आणि पुढें महात्मा फुले यांचें नांव धारण केलेली पुण्याची मंडई भाजीसाठीं प्रसिद्ध आहे. पण मोटारीच्या इंजिनाची कसोटी पाहावयाची असेल, तर त्यासाठींहि याहून योग्य जागा शहरांत क्वचितच सांपडेल. सदाशिव पेठेंतून सकाळीं निघालेली मोटार जेमतेम दीड किलोमीटर चालते, त्यांतील निम्मा वेळ हातगाड्या आणि रिक्षा यांच्या मागें घुरघुरत उभी राहते, वाहनतळांत तासभर विसावते, आणि मेथीच्या जुड्या घेऊन घरीं परत येते. मालकाला वाटतें, गाडीला कांहींच श्रम पडले नाहींत. वस्तुतः मुंबईपर्यंतचा सरळ प्रवास इंजिनाला जितका मानवतो, तितकी ही मंडईची फेरी मानवत नाहीं.

याचें कारण मोठें मनोरंजक आहे. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे त्यापासून सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें निर्माण होतें. इंजिन चांगलें तापलेलें असेल तर ही वाफ धुराबरोबर बाहेर निघून जाते. इंजिन थंड असतां मात्र तिचा कांहीं अंश, आणि त्याबरोबर न जळलेलें थोडें पेट्रोल, पिस्टनच्या रिंगांना चुकवून खालच्या तेलांत उतरतें. लांबच्या प्रवासांत तेल तापून हें पाणी पुन्हा उडून जातें. दीड किलोमीटरांत तें तेथेंच राहतें. पाणी, पेट्रोल, काजळी आणि तेल यांचें असें जें कालवण बनतें, तोच इंजिनांतला चिखल.

दुसरी घाण वरच्या अंगाला जमते. गाडी बंद केली कीं इंजेक्टरच्या तोंडाशीं राहिलेला पेट्रोलचा थेंब तापलेल्या धातूवर आटतो व त्याचा लाखेसारखा थर बसतो. इंजेक्टरचीं छिद्रें मिलिमीटरच्या पांचव्या भागाएवढीं किंवा त्याहूनहि बारीक असतात. तेव्हां एवढासा थरहि पेट्रोलचा फवारा विसकटावयास पुरेसा होतो.

आतां या घाणीवर ज्या बाटल्या विकावयास येतात, त्या थोतांड आहेत काय? सरसकट तसें म्हणणें अन्यायाचें होईल. पेट्रोलच्या टाकींत ओतावयाच्या औषधांत ‘पॉलीईथर अमाईन’ नांवाचा एक पदार्थ असतो. त्याचें कार्य आपल्या घरच्या रिठ्यासारखेंच: रेणूचें एक टोंक घाणीला चिकटतें, दुसरें पेट्रोलमध्यें विरघळतें, आणि घाण कणाकणानें सुटून ज्वलनाच्या जागीं जाते. अमेरिकेंत तर १९९५ पासून अशा प्रकारचें क्षालक द्रव्य प्रत्येक पेट्रोलमध्यें असलेंच पाहिजे, असा कायदा आहे. पण बाटलीवर घटकद्रव्याचें नांव न छापतां नुसतें ‘शक्ति वाढवितें, मायलेज वाढवितें’ असें छापलेलें असेल, तर तींत मुख्यत्वें रॉकेलच्या जातीचें द्रावण असण्याचा संभव धरून चालावें.

शिवाय औषध कितीहि उत्तम असलें, तरी जेथें पेट्रोल पोहोंचतें तेथेंच तें पोहोंचणार. अलीकडील कित्येक इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्यें सोडलें जातें. हवेच्या व्हॉल्व्हच्या पाठीला तें स्पर्शहि करीत नाहीं. तेथें साठलेल्या काजळीवर टाकींतील बाटलीचा कांहीं उपयोग नाहीं. ती काढण्यासाठीं अक्रोडाच्या कवचांचा चुरा हवेच्या जोरानें फेंकून मारतात! टणक, तरी धातूला ओरखडा न काढणारा पदार्थ म्हणून अक्रोडाची ही नेमणूक झाली आहे.

दुसऱ्या जातीची बाटली इंजिनच्या तेलांत ओतावयाची असते, आणि खरा धोका आहे तो येथें. माझ्या परिचयाच्या एका वयस्क गृहस्थांची चौदा वर्षांची मोटार होती. तेल बदलण्याची आठवण त्यांना दिवाळीलाच येई, आणि तीहि दर दिवाळीला येत नसे. एका फिटरनें तेलांत धुण्याचें औषध ओतून इंजिन चालू ठेवलें, मग नवें तेल भरलें. चौथ्या दिवशीं मंडईच्या गर्दींतच तेलाचा लाल दिवा लागला. वर्षानुवर्षें भिंतींना धरून बसलेला चिखल ढेकळांनीं सुटून तळाच्या चेंबरमधील जाळीवर जाऊन बसला होता. पंपाला तेल मिळेना, आणि बेअरिंगें गेलीं. दुरुस्तीचा आंकडा ऐकून त्यांनीं हिशेबाची वही मिटली ती मिटलीच. औषध खोटें नव्हतें. तें फार चांगलें लागू पडलें, एवढाच त्याचा अपराध!

वास्तविक चांगल्या इंजिन-तेलांत क्षालक द्रव्यें मूळचींच असतात. कॅल्शियमचे क्षार आम्ल मारतात. दुसरीं कांहीं द्रव्यें काजळीचे कण सुटे, तरंगते ठेवतात. म्हणून तेल काळें झालेलें पाहून घाबरूं नये. घाण भिंतीवर न बसतां तेलांत आली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती तेलाबरोबर वेळेवर बाहेर काढली, म्हणजे निराळ्या धुण्याची गरज सहसा पडत नाहीं. जुन्या पिढीच्या फिटरांची रॉकेलनें इंजिन धुण्याची पद्धत तर सोडून दिलेलीच बरी. उरलेलें रॉकेल नव्या तेलाला पातळ करतें.

पेट्रोलमध्यें कांहीं मिसळण्याच्या या हौसेला एक काळा इतिहासहि आहे. १९२१ सालीं अमेरिकेंत थॉमस मिजली यांना इंजिनाची ठोठो बंद करणारें शिशाचें संयुग सांपडलें. शिशाचा थर इंजिनांत बसूं लागला, म्हणून तें शिसें बाहेर वाहून नेणारें आणखी एक द्रव्य मिसळावें लागलें. इंजिन स्वच्छ राहिलें. शिसें रस्त्यावरच्या हवेंत, आणि तेथून मुलांच्या रक्तांत गेलें. भारतांत हें पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारींत बंद झालें, आणि जगांतला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ सालीं थांबला.

हल्लींच्या पेट्रोलमध्यें उसापासून आणि धान्यापासून केलेलें इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत असतें. तें स्वतःच जुन्या टाकींतला मळ सोडवितें, आणि हवेंतलें पाणीहि ओढून घेतें. त्यांत आणखी मद्यार्कयुक्त बाटली ओतण्यांत अर्थ नाहीं. पॉलीईथर अमाईनचें औषध घालावयाचेंच, तर तेल बदलण्याच्या आधींच्या टाकींत घालावें, कारण त्याचा थोडा अंश तेलांत उतरतोच. आणि गाडी मंडईपुरतीच फिरत असेल, तर तेल किलोमीटरांवर न बदलतां महिन्यांवर बदलावें.

त्या गृहस्थांची मोटार दुरुस्त होऊन आली आहे. रविवारीं ते ती सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणतात. मंडईला मात्र पिशवी घेऊन पायींच जातात.