होडीची कुजलेली मागची फळी : सुतार बंधूंसाठी एक काम

पनवेल हे जुने बंदर. दख्खनहून माल घेऊन येणारा गाडीवान परतताना येथून चाकांची जोडी घेऊन जात असे, अशी नोंद इंग्रजांच्या काळातील गॅझेटियरमध्ये सापडते. गाड्या गेल्या, चाकांचा धंदाही गेला. परंतु लाकूड जाणणाऱ्या हाताला काम मिळत नाही असे नाही. असेच एक काम आज आम्ही आमच्या कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहोत.

लहान होडीच्या पिछाडीला जेथे मशीन अडकवतात, तेथे आतून एक जाड लाकडी फळी असते. आपल्या खाडीत होड्या बहुधा लाकडाच्या किंवा फायबरच्या. अ‍ॅल्युमिनियमची होडी क्वचित येते. पण तिच्यातही पत्र्यामागे हीच फळी असते. मशीनचे सगळे वजन आणि रेटा ही फळी झेलते. ती कुजली तर भर खाडीत मशीन सुटून पाण्यात जाते आणि होडीवाल्याची रोजीही तिच्याबरोबर बुडते. होडीत माणसे असतील तर जिवावरच बेतते.

फळी कुजते का? बोल्टच्या भोकांतून आणि वरच्या उघड्या कडेतून पाणी शिरते व पत्र्याआड कोंडून राहते. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी लाकूड लवकर कुजवते. म्हणून पावसाळाभर उघडी पडलेली होडी जास्त बिघडते. ओलसर लाकूड पत्र्यालाही खाते. पांढरी भुकटी व बारीक खड्डे ही त्याची खूण.

पारख सोपी आहे. मशीन खालून धरून मागेपुढे हलवावे. फळी लचकली तर समजावे. हातोडीने ठोकून पाहावे. चांगले लाकूड टणक वाजते, कुजलेले बद्द वाजते. एखादा बोल्ट काढून भोकात स्क्रू-ड्रायव्हर टोचावा. तपकिरी पाणी किंवा भुसा निघाला तर फळी बदलण्यावाचून इलाज नाही. वरून लांबी भरणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणे होय.

आधी मशीन उतरवावे. वरची पट्टी व कोपऱ्यांचे रिव्हेट काढून फळी शक्यतो अखंड बाहेर काढावी, कारण तोच नव्या फळीचा फर्मा. तिची जाडी व उंची लिहून ठेवावी. आखूड दांड्याच्या मशीनला सुमारे १५ इंच आणि लांब दांड्याच्या मशीनला सुमारे २० इंच उंची लागते. ती चुकली तर पंखा पाण्यात नीट बसत नाही. पत्रा गोड्या पाण्याने धुऊन, घासून पूर्ण वाळवावा. भोके पडली असतील तर आधी ती बुजवून घ्यावी.

नवीन फळीसाठी आय.एस. ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्यावा. १८ मिलिमीटरचे दोन तुकडे इपॉक्सीने चिकटवून, क्लॅम्पमध्ये रात्रभर दाबून ठेवले की ३६ मिलिमीटरची फळी होते. जुनी फळी जाड असेल तर तेवढीच जाडी करावी.

येथे एक धोका आहे. लाकडाला तांबे, क्रोम व आर्सेनिकचे औषध देण्याची पद्धत १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी शोधून काढली. खांब व फळ्यांसाठी ती जगभर वापरली गेली. परंतु तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजते. मरीन प्लायलाही औषध दिलेले असते. ते तांब्याचे आहे का, हे दुकानदाराला अवश्य विचारावे. असल्यास दुसरा माल मागावा. पितळी स्क्रू आणि तांबेयुक्त रंगही याच कारणाने वर्ज्य समजावेत.

फळी कापून, एकदा बसवून पाहून, भोके पाडून घ्यावीत. भोके थोडी मोठी पाडून इपॉक्सीने भरावीत व वाळल्यावर मापाने पुन्हा पाडावीत. मग बोल्टचे पाणी लाकडाला लागत नाही. सर्व बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, इपॉक्सीचे तीन हात द्यावेत. बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, वॉशर रुंद घ्यावेत. भोकांत व कडांना पॉलियुरेथेन सीलंट भरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये. ते धातूला खाते. बोल्ट घट्ट करावेत, पण लाकूड चेपेल इतके नव्हे. पहिल्या फेरीनंतर ते पुन्हा तपासावेत.

फायबरच्या होडीत फळी थरांआड गाडलेली असते, त्यामुळे उघडण्याची रीत वेगळी. परंतु पाणी आत जाऊ न देण्याचे तत्त्व तेच.

हे काम एप्रिल-मे महिन्यांत घ्यावे. पावसाळी हवेत लाकूड वाळत नाही आणि इपॉक्सीही नीट धरत नाही.

शेवटी व्यवहाराचे. उघडून पाहिल्याशिवाय पक्का भाव सांगू नये. फळी काढल्यावर गिऱ्हाइकाला बोलावून कूज दाखवावी, पत्र्याचे काम वेगळे लिहून द्यावे आणि जुनी फळी त्याच्या हवाली करावी. हे काम पत्र्याआड झाकले जाते. आत काय घातले ते कारागिरालाच ठाऊक असते. होडीवाला त्या विश्वासावर पाण्यात उतरतो, आणि पुढच्या वर्षी त्याच विश्वासावर दुसरा होडीवाला आपल्या दुकानाचा पत्ता विचारीत येतो.