वारीत फोन भरला? व्हिडिओ डिलीट करण्याआधी हे वाचा

दिंडीत आता जवळपास प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. दिवे घाट, नीरा स्नान, तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका, सगळं शूट होतं. आणि नेमका रिंगणात अश्व धावायला लागला की स्क्रीनवर 'स्टोरेज फुल' येतं. मग घाईघाईत मागचं काहीतरी डिलीट केलं जातं. त्यात म्हाताऱ्या आईच्या आवाजातला अभंग गेला, तर तो परत कुठून आणायचा?

थोडी तयारी घरूनच केली तर ही वेळ येत नाही.

आधी हिशेब करा

फुल एचडी व्हिडिओ साधारण एका मिनिटाला १३० एमबी जागा खातो. रोज २० मिनिटं शूटिंग केलं तर दिवसाला अडीच जीबीच्या वर, म्हणजे १८ दिवसांत जवळपास ४७ जीबी. हेच 'फोर-के'वर काढलं तर मिनिटाला ३५० एमबीपर्यंत लागतात. तेवढ्याच शूटिंगला सव्वाशे जीबी! फोनप्रमाणे आकडा कमी-जास्त होतो, पण अंदाज येतो.

मोबाईलवर किंवा घरच्या टीव्हीवर बघायला फुल एचडी भरपूर झालं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फोर-के' चालू असेल तर निघण्याआधी बदलून घ्या. जागा वाचवायचा सगळ्यात सोपा उपाय हाच.

व्हिडिओ 'कॉम्प्रेस' होतो म्हणजे काय?

व्हिडिओ म्हणजे एका सेकंदात २५-३० फोटो. मागचं आभाळ, शेत तसंच असेल तर ते दरवेळी नव्याने साठवलं जात नाही, बदललेला भागच साठवला जातो. फोन हे काम शूटिंग करतानाच करतो. म्हणजे आपला व्हिडिओ आधीच एकदा दाबलेला असतो. ॲप वापरून तो पुन्हा दाबला की बारकावे जातात, आणि गेलेले बारकावे परत येत नाहीत.

त्यात रिंगणासारख्या व्हिडिओचे हाल जास्त. हलत्या पताका, धूळ, पावसाच्या सरी, हजारो माणसं. सगळंच बदलत असतं. जास्त दाबलं की चेहऱ्यांच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

शिवाय या कामात फोन तापतो, बॅटरी उतरते. मुक्कामावर चार्जिंगला रांग असताना हा उद्योग नको. कॉम्प्रेस करायचं ते घरी आल्यावर, तेही मूळ फाईल जपून.

वाटेत काय करायचं?

- ६४ किंवा १२८ जीबीचा ओटीजी पेन ड्राईव्ह सोबत ठेवा. रोज मुक्कामावर त्या दिवसाचे व्हिडिओ त्यात कॉपी करा. 'मूव्ह' करू नका. मध्येच पिन हलली तर फाईल खराब होऊ शकते.
- कॉपी झाल्यावर एक-दोन व्हिडिओ पेन ड्राईव्हमधून चालवून बघा. मगच पुढचं.
- ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जात नसेल तर पेन ड्राईव्ह 'फॅट-३२' प्रकारचा असतो. निघण्याआधीच तो 'एक्स-फॅट'मध्ये फॉरमॅट करून घ्या. फॉरमॅट करताना आतलं सगळं जातं, हे लक्षात ठेवा.
- पेन ड्राईव्ह प्लास्टिकच्या पिशवीत घालून फोनपासून वेगळा, दिंडीतल्या सामानात ठेवा. फोन हरवला किंवा भिजला तरी एक प्रत राहते.
- डिलीट केलेलं बऱ्याच फोनमध्ये ३० दिवस 'ट्रॅश'मध्ये पडून राहतं. तो रिकामा केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. चुकून काही उडालं असेल तर तेही आधी तिथेच शोधा.

गुगल आणि व्हॉट्सॲपचं काय?

गुगल खात्यात मोफत जागा १५ जीबी, तीही मेल, ड्राईव्ह आणि फोटो मिळून. आणि लाखोंच्या गर्दीत रेंज दिसते, पण अपलोड पुढे सरकत नाही. त्यामुळे वाटेत त्याच्या भरवशावर राहू नका.

गावच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ दाबूनच जातो. तो बघण्यापुरता ठीक, जपून ठेवण्यासाठी नाही. मूळ दर्जाचा पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाईल जाते.

हॅन्डीकॅम असेल तर एक जादा मेमरी कार्ड घ्या. घरी कॉम्प्युटरवर घेताना कार्डातलं फोल्डर आख्खंच्या आख्खं कॉपी करा, सुट्या फाईली निवडत बसू नका.

थोडक्यात, व्हिडिओ दोन ठिकाणी असल्याची खात्री झाल्याशिवाय डिलीटला बोट लावायचं नाही.